लॅरी होम्स : मधल्या काळातला माणूस?

हेवीवेट मुष्टियुद्धाच्या इतिहासाची चर्चा निघाली आणि तीत लॅरी होम्सचे नाव आले, की जाणकार मंडळी एक ठरावीक वाक्य उच्चारतात : होम्स चांगलाच होता, पण तो अली आणि टायसन यांच्या मधला. हे वाक्य धड निंदेचे नाही, धड स्तुतीचेही नाही. ते एका माणसाची जागा ठरवून देते, आणि जागा ठरली की त्याच्याकडे निराळे पाहण्याची गरज उरत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे वाक्य परिचयाचे वाटले तर नवल नाही. आपल्याकडे केशवसुत आणि मर्ढेकर ही दोन ठाणी पक्की झाली, की मधल्या कितीतरी कवींच्या वाट्याला 'दुवा', 'संक्रमणकाळ', 'पूर्वतयारी' असे शब्द येतात. असे शब्द वापरणाऱ्याने ते कवी वाचलेले असतातच असे नाही. किंबहुना न वाचता पुढे जाता यावे हीच त्या शब्दांची सोय असते.

मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. होम्सचे मोल कमी लेखले गेले आहे, आणि त्याचे कारण त्याच्या कामगिरीपेक्षा ती वाचण्याच्या आपल्या रीतीत अधिक आहे. त्याच्याविरुद्धचे आक्षेप वरकरणी गुणवत्तेविषयी असतात. मुळात ते कथानकाविषयी असतात. त्याच्या कारकिर्दीला चांगली गोष्ट लाभली नाही, ही खरी तक्रार आहे. ती समीक्षेचा वेष घेऊन येते, म्हणून तिचा प्रतिवाद करणे अगत्याचे वाटते.

आधी थोडी माहिती, कारण ती गृहीत धरता येत नाही. होम्सचा जन्म १९४९ साली जॉर्जिया राज्यातला; वाढला तो पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन या गावात. शाळा लवकर सुटली, मोटारी धुण्याचे काम केले. पुढे मुहम्मद अलीच्या डिअर लेक येथील तळावर सरावातला जोडीदार म्हणून तो राबला. म्हणजे मोबदला घेऊन दुसऱ्याच्या तयारीसाठी ठोसे खाल्ले आणि त्या बदल्यात विद्या मिळवली. ९ जून १९७८ रोजी केन नॉर्टनला हरवून तो जगज्जेता झाला. त्यानंतर सप्टेंबर १९८५ पर्यंत त्याने आपले जेतेपद सलग वीस वेळा राखले. हेवीवेट गटात एकट्या जो लुईने सलग पंचवीस वेळा राखलेले जेतेपद याच्या पुढे आहे. पहिल्या आठ आव्हानवीरांपैकी एकालाही त्याच्याविरुद्ध शेवटच्या फेरीपर्यंत टिकता आले नाही. पहिला पराभव झाला तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता आणि त्याच्या नावावर अठ्ठेचाळीस लढतींत अठ्ठेचाळीस विजय होते. २००२ मध्ये तो अखेरचा रिंगणात उतरला तेव्हा हिशेब असा होता : पंचाहत्तर लढती, एकोणसत्तर विजय, सहा पराभव. या सहांपैकी एकदाच, टायसनविरुद्ध, त्याला लढत अर्ध्यावर गमवावी लागली.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप असा, की होम्सचा सर्वांत मोठा विजय म्हणजे एका संपलेल्या अलीवरचा विजय. २ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगासमध्ये अली अडतीस वर्षांचा होता, दोन वर्षे निवृत्तीत काढून परतला होता. ती लढत म्हणजे लढत नव्हती. फेरीमागून फेरी होम्सचा डावा हात अलीच्या तोंडावर येत राहिला आणि अलीकडून काहीच परत गेले नाही. दहाव्या फेरीनंतर अँजेलो डंडी या अलीच्या प्रशिक्षकाने ती थांबवली. लढतीच्या ओघात होम्स अनेकदा पंचाकडे पाहत होता, आता थांबवा म्हणून. नंतर तो रडला. हे सगळे खरे आहे, आणि या विजयाचे श्रेय होम्सला देऊ नये हेही मला मान्य आहे. पण झाले असे, की हा विजय त्याच्या जमेच्या बाजूला लिहिला गेला नाही एवढ्यावर थांबले नाही. तो त्याच्या नावे खर्ची पडला. जिंकल्याबद्दल दंड झालेला असा जेता क्वचितच सापडेल.

याच आक्षेपाची कसोटी दुसऱ्यांना लावून पाहू. ऑक्टोबर १९५१ मध्ये रॉकी मार्सियानोने न्यूयॉर्कमध्ये जो लुईला आठव्या फेरीत रिंगणाबाहेर फेकले. लुई तेव्हा सदतीस वर्षांचा होता, करांच्या देण्यापायी निवृत्ती मोडून लढत होता, आणि त्याचा वेग केव्हाच गेला होता. मार्सियानोच्या चरित्रांत ही लढत कशी येते? जुन्या पिढीने नव्या पिढीच्या हाती सूत्रे सोपवल्याचा हृद्य प्रसंग म्हणून. जानेवारी १९८८ मध्ये अटलांटिक सिटीत माइक टायसनने चौथ्या फेरीत होम्सला तीनदा खाली पाडून लढत संपवली. होम्स तेव्हा अडतीस वर्षांचा होता, म्हणजे त्याने अलीला हरवले तेव्हा अली होता तेवढाच, आणि जवळजवळ दोन वर्षे लढलेला नव्हता. ही लढत टायसनच्या दरारा वाढवणाऱ्या विजयांत मोजली जाते. घटना तीन, आकृतिबंध एकच : तरुण जेता आणि थकलेला माजी जेता. एकाला वारसा मिळाला, दुसऱ्याला दरारा मिळाला, तिसऱ्याच्या वाट्याला अपराध आला. मुष्टियुद्धाच्या निकषांनी हा फरक समजावून सांगता येत नाही. तो समजतो तो वाचकाच्या ओढीने : हरणारा अली होता, आणि अलीच्या गोष्टीत त्या रात्री होम्सला खलनायकाखेरीज दुसरी भूमिका शिल्लक नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : होम्सच्या काळात दर्जेदार प्रतिस्पर्धी नव्हते. अलीला फ्रेझर, फोरमन, नॉर्टन लाभले. होम्सला कोण लाभले? येथे तपशील पाहायला हवा. होम्सने हरवलेल्या लोकांपैकी माइक वीव्हर, टिम विदरस्पून, ट्रेव्हर बर्बिक आणि जेम्स स्मिथ हे चौघे नंतर कुठल्या ना कुठल्या प्रमुख संघटनेचे जगज्जेते झाले. विदरस्पून तर दोनदा झाला. म्हणजे प्रतिस्पर्धी नव्हते असे नाही; त्यांना प्रतिस्पर्धी म्हणून नाव मिळण्याच्या आतच होम्सने त्यांना हरवले होते. ज्याला सर्वच हरतात त्याचे प्रतिस्पर्धी सामान्य ठरतात, आणि प्रतिस्पर्धी सामान्य म्हणून तोही सामान्य ठरतो, असे हे चक्राकार तर्कशास्त्र आहे. लुईच्या बाबतीत हेच घडले होते. महिन्याला एक टाकाऊ प्रतिस्पर्धी, अशी त्याच्या एका कालखंडाची त्या वेळी थट्टा होत असे. पण लुईच्या मागे १९३८ सालची मॅक्स श्मेलिंगविरुद्धची लढत होती, नाझी जर्मनीची पार्श्वभूमी होती, महायुद्ध होते. त्या एका रात्रीने बाकीच्या सगळ्या रात्रींना अर्थ पुरवला. होम्सच्या काळाने त्याला अशी रात्र दिली नाही. जी दिली ती वेगळ्याच जातीची होती, तिच्याकडे येतोच.

त्याआधी एक कबुली. होम्सच्या बचावाला उभे राहणारे पुष्कळदा त्याच्या जेतेपदाची शेवटची दोन-अडीच वर्षे वाचायचे टाळतात. मे १९८३ मध्ये विदरस्पूनविरुद्धचा निर्णय विभागलेला होता आणि तो उलट लागायला हवा होता असे मानणारे आजही आहेत. होम्सने त्याला पुन्हा संधी दिली नाही. ग्रेग पेज आणि पिंकलन थॉमस हे त्या काळातले दावेदार. त्यांच्याशी तो लढलाच नाही. त्याऐवजी नोव्हेंबर १९८३ मध्ये त्याने जो फ्रेझरच्या मुलाला, अवघ्या दहा लढतींचा अनुभव असलेल्या मार्व्हिस फ्रेझरला, पहिल्याच फेरीत गारद केले. त्याच्या संघटनेने त्या लढतीला जेतेपदाची मान्यता दिली नव्हती. पुढच्याच महिन्यात त्याने ते जेतेपद सोडून नव्याने स्थापन झालेल्या दुसऱ्या संघटनेची मान्यता पत्करली. हे हिशेबी वागणे होते. त्यावर कठोर टीका करायला माझी हरकत नाही. उलट होम्सवर घेण्याजोगा खरा आक्षेप हाच. गंमत अशी, की हा आक्षेप क्वचितच ऐकू येतो, कारण तो घ्यायचा तर लढतींची यादी वाचावी लागते. 'अली आणि टायसन यांच्या मधला' असे म्हणायला काहीच वाचावे लागत नाही.

आता त्याच्या कलेविषयी. होम्सचे शस्त्र म्हणजे डाव्या हाताचा जॅब. पुढच्या हाताने सरळ रेषेत मारलेला हा ठोसा मुष्टियुद्धात नवशिक्याला सर्वांत आधी शिकवतात. त्याने सहसा कोणी कोसळत नाही, म्हणून प्रेक्षक त्याच्यासाठी तिकीट काढत नाहीत. पण अंतर तोच ठरवतो. समोरच्याने पुढे यायचे ठरवले की तो जॅब वाटेत उभा असतो. डोके हलवले की पुढचा त्या जागी आलेला असतो. डोळ्याखाली सूज चढते, लय मोडते, आणि दहाव्या-अकराव्या फेरीत उजवा हात मोकळा होतो तेव्हा काम बव्हंशी उरकलेले असते. या एका साध्या ठोशात होम्सने जे प्रकार निर्माण केले, चापट मारल्यासारखा, खांबासारखा, वरून खाली, मागे सरकताना, त्यांची तुलना मी गद्यातल्या साध्या विधानवाक्याशी करीन. अलंकारांची मोजदाद करणाऱ्या वाचकाला असे गद्य सपाट वाटते. ज्याने स्वतः एक परिच्छेद नीट लिहून पाहिला आहे त्याला ते सपाट वाटत नाही.

आणि कस लागला तेव्हा त्याच्याकडे या कसबापलीकडचेही काही होते. नॉर्टनविरुद्धच्या लढतीत चौदा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या कागदावर दोघांचे गुण समान होते. म्हणजे जेतेपद पंधराव्या फेरीत ठरायचे होते, आणि ते कसलेही कसब उरलेले नसताना, नुसत्या देवाणघेवाणीवर. दोन पंचांनी ती फेरी होम्सला दिली, एकाने नॉर्टनला. एका गुणाने तो जिंकला. सप्टेंबर १९७९ मध्ये एर्नी शेव्हर्सच्या उजव्या हाताने सातव्या फेरीत त्याला असे पाडले, की उठणे शक्य वाटत नव्हते. शेव्हर्सचा तो हात त्या पिढीतला सर्वांत जड मानला जाई. होम्स उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला. ही दृश्ये अलीची असती तर आपण ती शालेय पाठांतून शिकलो असतो.

आता ती वेगळ्या जातीची रात्र. ११ जून १९८२ रोजी लास व्हेगासमध्ये होम्सचा सामना गेरी कूनीशी झाला. कूनी न्यूयॉर्कचा, आयरिश वंशाचा, गोरा, अपराजित. 'गोरा आशावीर' ही विसाव्या शतकाच्या आरंभी जॅक जॉन्सनविरुद्ध रूढ झालेली कल्पना त्या निमित्ताने पुन्हा बाजारात आणली गेली. 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर कूनी झळकला तो 'रॉकी' चित्रपटांतल्या सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या सोबतीने. खरा जगज्जेता तेथे नव्हता. प्रघात असा, की रिंगणात जगज्जेत्याचे नाव शेवटी पुकारायचे. त्या रात्री होम्सचे आधी पुकारले गेले. लढत तेराव्या फेरीत कूनीच्या प्रशिक्षकाने थांबवली. त्यानंतर गुणांचे कागद उघड झाले. कमरेखाली मारल्याबद्दल कूनीचे तीन गुण कापले गेले होते. ते कापले नसते तर बारा फेऱ्यांअखेर तीनपैकी दोन पंचांच्या मते कूनी पुढे असता. होम्स त्या रात्री आपल्या कारकिर्दीतला सर्वोत्तम खेळ खेळला असे माझे मत आहे. दोन पंचांना मात्र दुसरेच काही दिसत होते.

या लढतीची गोष्ट का झाली नाही? लुई-श्मेलिंगच्या गोष्टीत अमेरिकी वाचकाला बाजू घेणे सोपे होते, कारण खलनायक परदेशी होता. येथे खलनायक कोणाला करायचे? कूनीला करता येत नव्हते. तो सौम्य, सभ्य तरुण होता, आणि पुढे होम्सचा मित्रही झाला. ज्याने त्याला गोरा आशावीर म्हणून विकत घेतले तो प्रेक्षकच येथे उघडा पडत होता. वाचकाला स्वतःविरुद्ध वाचावी लागेल अशी गोष्ट सहसा आवडत नाही. ती विसरणे त्याला अधिक सोयीचे जाते.

पुढे होम्सच्या तोंडानेही घात केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. २१ सप्टेंबर १९८५ रोजी, मार्सियानोच्या अखेरच्या लढतीला बरोबर तीस वर्षे होत असताना, तो एकोणपन्नासावा विजय मिळवून मार्सियानोची बरोबरी करायला गेला आणि मायकेल स्पिंक्सकडून गुणांवर हरला. पराभवानंतरच्या वार्ताहर परिषदेत मार्सियानोला आपली लंगोटसुद्धा उचलता आली नसती अशा अर्थाचे तो बोलून गेला. नंतर त्याने माफी मागितली. पण वाक्य टिकले आणि माफी विरली. त्या एका वाक्याने त्याला मिळायची ती सहानुभूतीही गेली. तथापि जरा थांबून पाहावे. अलीने जो फ्रेझरला 'गोरिला' म्हटले ते एकदा नाही, अनेकदा, आणि फ्रेझरने ते आयुष्यभर मनात ठेवले. ते आपण अलीच्या खेळकर वाणीचा भाग म्हणून वाचतो. शब्दांना यमक आणि बोलणाऱ्याला देखणेपण असले की क्रौर्यही शैली ठरते. होम्सचे बोलणे ओबडधोबड होते. त्याच्या चुकीला शैलीचे संरक्षण मिळाले नाही.

येथे आपल्याच क्षेत्राकडे बोट दाखवणे भाग आहे. मुष्टियुद्ध हा खेळ लेखकांनी फार लिहिला. हॅझलिटचा १८२२ सालचा निबंध, लीबलिंगचे लेखन, पॅटरसन आणि लिस्टन यांच्यावर जेम्स बाल्डविन, अली आणि फोरमन यांच्यावर नॉर्मन मेलरचे १९७५ सालचे पुस्तक, आणि १९८७ मधले जॉइस कॅरल ओट्सचे चिंतन. आपल्यापैकी बहुतेकांनी मुष्टियुद्ध रिंगणाजवळ बसून पाहिलेले नाही. आपण ते या पुस्तकांतून वाचले. या लेखकांची थोरवी मान्य करूनही म्हणावे लागते, की त्यांनी आपल्याला एक सवय लावली. आपण मुष्टियोद्धा पाहायला शिकलो नाही. रूपक पाहायला शिकलो. लिस्टन म्हणजे अंधार, पॅटरसन म्हणजे संकोच, अली म्हणजे इतिहासच. होम्स कशाचे रूपक? मोटारी धुणारा मुलगा जगज्जेता झाला, मिळालेले पैसे त्याने ईस्टनमध्येच इमारतींत गुंतवले, आणि तो त्याच गावात राहिला. त्यात लिस्टनचा गूढ मृत्यू नाही, लुईचे दारिद्र्य नाही, अलीचा आजार नाही, टायसनचा तुरुंग नाही. शोकांतिका नसणे हा साहित्यातला दोष असू शकतो, मुष्टियुद्धातला नव्हे. होम्सने १९९८ साली आत्मचरित्र लिहवून घेतले, पण त्याला मेलर मिळाला नाही, आणि ज्याला मेलर मिळत नाही तो आपल्या लेखी दुय्यम ठरतो. ही आपल्या वाचनाची मर्यादा आहे. तिला त्याच्या उंचीचे माप समजणे चूक आहे.

अर्थात, 'उपेक्षित' हा बिल्ला त्याच्या छातीवर लावायलाही माझा तितकाच विरोध आहे. २००८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध सन्मानगृहात स्थान मिळाले. ईस्टनमध्ये रस्त्याला त्याचे नाव आहे, २०१५ पासून पुतळाही आहे. तो अज्ञात नाही. आणि त्याचे कैवारी जेव्हा 'ऐन भरातल्या होम्सने ऐन भरातल्या अलीला हरवले असते' असे सांगू लागतात, तेव्हा तेही एक गोष्टच रचत असतात. फक्त नायक बदललेला असतो. उपेक्षेची कहाणी ही मराठी समीक्षेचीही आवडती कहाणी आहे. एखाद्या लेखकाला उपेक्षित म्हणून घोषित केले, की त्याचे दोष दाखवणे असभ्यपणाचे ठरते आणि त्याचे वाचन पुन्हा एकदा टळते. 'दुवा' आणि 'उपेक्षित' या दोन्ही शब्दांचा परिणाम एकच.

मग त्याचे स्थान कोणते? विचारले म्हणून सांगतो : लुई आणि अली यांच्यानंतर तिसरे. मार्सियानोच्या आधी. मार्सियानोची एकोणपन्नास-शून्य ही आकृती पूर्ण आहे, तिला एकही ओळ जास्त नाही. तिच्या पूर्णतेचे आपल्याला आकर्षण आहे. पण त्याने हरवलेल्या मोठ्या नावांपैकी लुई, जर्सी जो वॉलकॉट आणि आर्ची मूर हे तिघेही उताराला लागलेल्या वयातले होते, आणि स्वतः उताराला लागण्याआधी तो थांबला. होम्स थांबला नाही. त्यामुळे त्याच्या यादीला पराभवांचे शेपूट लागले. मात्र त्याच शेपटात फेब्रुवारी १९९२ ची रे मर्सरविरुद्धची लढत आहे. मर्सर हा सोल ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता, एकतिशीच्या आतबाहेरचा, व्यावसायिक लढतींत अपराजित. होम्स बेचाळीस वर्षांचा. पाय चालत नव्हते, म्हणून तो स्वतःहून कोपऱ्यात जाऊन दोरांना टेकला, मर्सरला तेथे बोलावले, आणि बारा फेऱ्या त्याच डाव्या हाताने त्याला शिकवत राहिला. निर्णय एकमताने होम्सच्या बाजूने लागला. त्यानंतर चार महिन्यांनी तो इव्हँडर होलिफिल्डशी जगज्जेतेपदासाठी बारा फेऱ्या लढला आणि गुणांवर हरला.

ज्यांना होम्स 'मधला' वाटतो त्यांनी एवढे करावे : नॉर्टनविरुद्धची पंधरावी फेरी आणि मर्सरविरुद्धची कोणतीही फेरी, या दोहोंचे चित्रण लागोपाठ पाहावे. मध्ये जवळजवळ चौदा वर्षे आहेत. पाहताना समालोचकाचा आवाज बंद ठेवावा. अली कधी गेला आणि टायसन कधी येणार, हे समालोचकाला ठाऊक असते, आणि ते तो सांगितल्याखेरीज राहत नाही. रिंगणातल्या माणसाला त्या क्षणी फक्त समोरचा दिसत असतो.